दोन चढायांमधला दम

मार्च २०२४ हा महिना नगरच्या कबड्डीला भरभरून देऊन गेला. १ तारखेला हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचा दहावा हंगाम जिंकला. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार आपल्या जिल्ह्याचा. त्याच महिन्यात वाडिया पार्कवर पुरुषांची ७०वी राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा भरली. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर करण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णयही त्याच महिन्यातला. पण मैदानावरची माणसं अजून सवयीने नगरच म्हणतात आणि या पानांत मीही तेच म्हणणार आहे.

ही पुस्तिका तालुक्याच्या गावांत कबड्डी, खो-खो आणि कुस्ती शिकवणाऱ्यांसाठी आहे. तिचा विषय एवढाच, की श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंना दंडा-मांड्यांसारखा व्यायाम देता येतो का, दिला तर काय मिळतं आणि काय मिळत नाही. प्रस्तावना थोडी लांबली आहे. या विषयावर मैदानात जे बोललं जातं त्यातलं बरंचसं आधी बाजूला सारल्याशिवाय पुढची पानं कामाला येणार नाहीत, असं मला वाटतं.

आधी सामन्याचा हिशेब मांडू. पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा, म्हणजे ४० मिनिटांचा. चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची. संघाचा मुख्य चढाईपटू एका सामन्यात २० वेळा गेला आणि दर वेळी पूर्ण ३० सेकंद खेळला असं धरलं, तरी त्याची चढाई १० मिनिटांत संपते. उरलेली ३० मिनिटं तो काय करतो? कोपऱ्यात किंवा मध्ये उभा राहून पकडीत हात घालतो, साखळीत ओढला जातो, बाद होऊन बाहेर बसतो, परत येतो. आणि या सगळ्यात पुढच्या चढाईसाठी दम गोळा करतो. दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी आली की गुण घ्यावाच लागतो, नाहीतर गडी बाद. त्या तिसऱ्या चढाईला कोणाला पाठवायचं हे प्रशिक्षक ज्या क्षणी ठरवतो, त्या क्षणी कोणाचा श्वास जाग्यावर आला आहे यालाच भाव असतो.

जुन्या कबड्डीत हे चित्र वेगळं होतं. तिथे चढाईचं घड्याळ खेळाडूच्या छातीतच होतं. मध्यरेषेच्या अलीकडून दम घ्यायचा, 'कबड्डी कबड्डी' असा स्पष्ट उच्चार न तोडता करायचा, आणि पकडीत दम तुटला की गडी बाद. पंचाचे कान त्या आवाजावर लागलेले असत. साहजिकच दम म्हणजे एका श्वासात किती वेळ निभावतो, अशी आपली समजूत झाली आणि सरावही तसाच बेतला गेला. पोरांना रांगेत उभं करून एका दमात लांबच लांब म्हणायला लावायचं आणि ज्याचा शेवटी तुटेल तो पुढचा रेडर. २०१४ साली प्रो कबड्डी आली आणि पडद्यावर ३० सेकंद उलटे धावू लागले. मंत्र नियमात राहिला, निकाल मात्र घड्याळाच्या हाती गेला. आता चढाईत दम संपण्याआधी वेळ संपते. पण खेळाडू दमायचा थांबला नाही. दमणं चढाईतून सरकून दोन चढायांच्या मधल्या फटीत गेलं, एवढंच. गावोगावचा सराव अजून तिकडे सरकलेला नाही, ही माझी मुख्य तक्रार आहे.

या फटीत शरीर काय करतं ते बघू. जोरदार उडी, झेप, पाय मारून परतणं या काही सेकंदांच्या कामाला स्नायू आपल्यातला साठवलेला इंधनसाठा वापरतात. क्रिएटिन फॉस्फेट नावाचा हा साठा फार थोडा असतो. तो रिकामा झाला की पुन्हा भरायला प्राणवायू लागतो. निम्मा साठा अर्ध्या-एक मिनिटात परत येतो, पूर्ण भरायला काही मिनिटं लागतात. कबड्डीत ती काही मिनिटं कोणी देत नाही. म्हणून थांबत-धावत खेळायच्या खेळात, मग ती कबड्डी असो, खो-खो असो, फुटबॉल असो की हॉकी, पहिल्या झेपेपेक्षा दहाव्या झेपेत खेळाडू ओळखू येतो. पहिली झेप सगळेच घेतात.

आता श्वासाकडे. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. जीव तोडून खेळणारा तरुण शंभर लिटरच्या पुढे जातो, धट्टाकट्टा असेल तर दीडशेपर्यंतही. ही हवा फुफ्फुसं स्वतः ओढत नाहीत. फुफ्फुसांना हवा ओढणारे स्नायूच नाहीत. ओढण्याचं काम बरगड्यांखाली घुमटासारखं पसरलेलं श्वासपटल, बरगड्यांमधले स्नायू आणि जोर वाढला की मानेचे स्नायू करतात. बाहेर फेकण्याचं काम दमल्यावर पोटाच्या स्नायूंवर येतं. तेव्हा 'फुफ्फुसं मोठी करायचा व्यायाम' म्हणून जे सांगितलं जातं ते सोडून द्यावं. मोठ्या माणसाची फुफ्फुसं व्यायामाने फारशी वाढत नाहीत. वाढतो तो ओढणाऱ्या स्नायूंचा जोर आणि चिवटपणा.

या स्नायूंनाही रक्त लागतं. कठीण व्यायामात शरीर जेवढा प्राणवायू वापरतं त्यातला १० टक्के, आणि अगदी कसलेल्या खेळाडूत १५ टक्क्यांपर्यंतचा वाटा एकट्या श्वसनाच्या स्नायूंचा असतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेरोम डेम्प्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात यावर जे प्रयोग केले ते या पुस्तिकेच्या मुळाशी आहेत. सायकल मारणाऱ्या खेळाडूंच्या श्वासाचं ओझं त्यांनी यंत्राने हलकं केलं, तर पायांकडचा रक्तप्रवाह वाढला. ओझं वाढवलं, तर तो कमी झाला. श्वासपटल थकू लागलं की तिथून मेंदूकडे इशारा जातो आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. श्वास आधी, पाय नंतर, हा शरीराचा क्रम आहे. भंडारदऱ्याच्या कालव्यावर वरच्या अंगाला पाणी उचललं की टेलच्या शेतकऱ्याचं काय होतं हे नगर जिल्ह्यात समजावून सांगावं लागत नाही. मांड्या या इथे टेलला आहेत.

कबड्डी आणि कुस्तीत आणखी एक गुंता आहे, जो सायकलवर दिसत नाही. श्वासपटलाला तिथे दुहेरी नोकरी असते. कोणी घोटा धरला, कमरेला मिठी मारली की धड घट्ट करावं लागतं, आणि ते घट्ट करण्यात पोटाच्या स्नायूंबरोबर श्वासपटलही असतं. म्हणून पकडीत माणूस आपोआप श्वास रोखतो. मध्यरेषेसाठी हात लांबवणारा रेडर, त्याच्या अंगावर पडलेले तीन गडी, पाच-सहा सेकंदांची झटापट, आणि त्या वेळात कोणीच धड श्वास घेत नाही. सुटका झाल्यावर जो धापा टाकतो तो फक्त धावल्यामुळे टाकत नाही. मॅटवरच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. २०२५ साली एकाच वर्षात महाराष्ट्र केसरीचे दोन आखाडे आपल्या जिल्ह्यात भरले, एक नगरला आणि एक कर्जतला. दोन संघटनांच्या भांडणामुळे का होईना, जिल्ह्याला गदेची कुस्ती दोनदा बघायला मिळाली. तिथे बसलेल्या कोणीही दुसऱ्या फेरीतल्या पैलवानांचे खांदे बघितले असतील तर मानेच्या स्नायूंनी श्वास ओढणं म्हणजे काय हे त्याने पाहिलेलं आहे.

तर उपाय काय? स्नायूचा जोर वाढवायचा तर त्याला ओझं लावावं लागतं. दंडाला जो नियम तोच श्वासपटलाला. १९७६ साली लीथ आणि ब्रॅडली या दोघा संशोधकांनी हे नीट दाखवलं. ज्यांनी जोराचा व्यायाम केला त्यांचा श्वसनाचा जोर वाढला, ज्यांनी चिवटपणाचा केला त्यांचा चिवटपणा वाढला. ओझं लावायला आता मुठीत मावणारं उपकरण मिळतं. त्यात स्प्रिंगची झडप असते. ठरावीक जोराने ओढल्याशिवाय झडप उघडत नाही आणि स्प्रिंग आवळली की ओझं वाढतं. नेहमीची पद्धत अशी: नाकाला चिमटा, स्वतःच्या पूर्ण ताकदीच्या साधारण निम्म्या ओझ्यावर ३० श्वास, दिवसातून दोनदा, सहा आठवडे. श्वास आत ओढायचा तो झटक्याने आणि पूर्ण. सोडायचा तो सावकाश. ३०वा श्वास जेमतेम पुरा झाला तर ओझं बरोबर आहे. सहज चाळीस होत असतील तर स्प्रिंग आवळावी. घाईघाईने केलं तर चक्कर येते, म्हणून दोन श्वासांत थोडं थांबावं. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

आपल्या खेळांच्या सर्वांत जवळचा पुरावा २००२ सालचा आहे. ब्रिटनमध्ये ली रोमर, अ‍ॅलिसन मॅककॉनेल आणि डेव्हिड जोन्स यांनी थांबून-धावण्याचे खेळ खेळणाऱ्या पुरुष खेळाडूंचे दोन गट केले. एका गटाला खरं ओझं, दुसऱ्याला नावापुरतं. त्यांना वारंवार स्प्रिंट मारायला लावून दोन स्प्रिंटच्या मध्ये किती थांबावंसं वाटतं ते मोजलं. खरं ओझं घेतलेल्यांना विश्रांती साधारण ६ टक्क्यांनी कमी लागली. स्प्रिंटचा वेग वाढला, असा हा दावा नाही. दम लवकर परत आला, एवढाच आहे. मला हा आकडा त्याच्या लहानपणामुळेच विश्वासाचा वाटतो. ज्या जाहिराती 'दम दुप्पट' म्हणतात त्यांच्याकडे असा प्रयोग नसतो. त्यानंतर पोहणारे, नौकानयन करणारे, सायकलपटू अशा अनेकांवर अभ्यास झाले. सगळ्यांचे निकाल सारखे नाहीत, पण एकूण कल फायद्याकडे आहे. कबड्डीपटूंवर, तेही मातीत खेळणाऱ्यांवर, आपल्याकडच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयांनी असे प्रयोग करावेत. खर्च फारसा नाही.

इथे वाचक विचारेल, आपल्याकडे प्राणायाम असताना हे विलायती नळकांडं कशाला? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर महाराष्ट्रातच शोधता येतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. उड्डियान आणि नौलीच्या वेळी शरीराच्या आत दाब किती उतरतो हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून तपासलं. योगाची क्रिया प्रयोगशाळेत नेऊन मोजण्याची ही जगातली अगदी सुरुवातीची उदाहरणं. उड्डियानात माणूस श्वास पूर्ण सोडतो, घसा बंद ठेवतो आणि श्वास घेतल्यासारखी छाती फुलवतो. हवा आत येत नाही, म्हणून आत दाब उणा होतो आणि पोट वर खेचलं जातं. बरगड्या फुलवणाऱ्या स्नायूंना यात खरंखुरं ओझं मिळतं. मात्र श्वासपटल त्या वेळी सैल असतं, आणि श्वास आत ओढण्याचं मुख्य काम तर त्याचंच. अनुलोम-विलोम, दीर्घ श्वसन यांत ओझं जवळजवळ नसतंच. त्यांनी मन आणि नाडी शांत होते, सामन्याच्या आदल्या रात्री झोप लागते, आणि ते कमी नाही. कपालभातीत जोर असतो तो पोटाचा, श्वास बाहेर टाकण्याचा. तेव्हा दोन्हींची कामं वेगळी आहेत. जो प्राणायाम करतो त्याने तो सोडू नये, आणि तेवढ्याने भागतं असंही समजू नये.

करोनाच्या साथीनंतर घरोघर तीन चेंडूंचं प्लास्टिकचं उपकरण कपाटात पडून आहे. काही शिक्षक पोरांना तेच ओढायला लावतात. चेंडू वर राहिले की पोरं खूश. पण ते आजाऱ्याची फुफ्फुसं उघडी राहावीत म्हणून आहे. धडधाकट खेळाडूला त्यात ओझं लागत नाही. तोंडाला बांधायचे 'उंचावरच्या सरावाचे' मुखवटे ही आणखी एक टूम. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून प्राणवायू कमी मिळतो. मुखवटा फक्त श्वास अडवतो, प्राणवायूचं प्रमाण डोंगरावरचं करत नाही. उंचीचंच म्हणाल तर महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, आपल्याच अकोले तालुक्यात आहे. आणि तेही त्या अर्थाने फार उंच नाही. ते चढल्याने पाय घडतात, आणि तेवढ्यासाठी जरूर चढावं.

आता ज्या गोष्टी उपकरणाच्या आधी यायला हव्यात त्यांच्याविषयी. मला या पुस्तिकेतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पहिलं, रक्तक्षय. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. एखादी मुलगी दुसऱ्या डावात कोसळत असेल तर तिच्या श्वासपटलाला दोष देण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तिचं हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. रक्तातच प्राणवायू वाहायला गाड्या कमी असतील तर तो कितीही जोराने आत ओढून काय होणार? रक्त ठीक असलेल्या मुलींना मात्र या व्यायामाचा उपयोग मुलांपेक्षा अधिक असण्याची शक्यता आहे. सारख्या उंचीच्या पुरुषापेक्षा स्त्रीच्या श्वासनलिका अरुंद असतात, त्यामुळे तेवढीच हवा ओढायला तिला जास्त श्रम पडतात. गावच्या संघात मुलींकडे शेवटी लक्ष जातं. इथे ते आधी जावं.

दुसरं, दमा. आपला जिल्हा बराचसा पर्जन्यछायेतला, कोरडा. मैदानं धुळीची. हंगाम दिवाळीनंतरचा, म्हणजे नेमका थंडीचा आणि गळिताचा. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली तिथे धुराडी पेटलेली असतानाच गावोगावच्या स्पर्धा भरतात. थंड, कोरड्या, धुळीच्या हवेत जोराने श्वास घेतला की काही मुलांच्या श्वासनलिका आवळतात. खेळ थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी खोकला, छातीत शिट्टी. अशा मुलाला कमी दमाचा म्हणून संघाबाहेर काढू नये, डॉक्टरकडे न्यावं. दम्याच्या फवाऱ्याची जागा श्वासाच्या व्यायामाचं कुठलंही उपकरण घेत नाही. आणि सामन्याआधी मैदानावर पाणी मारणं हा श्वसनाच्या दृष्टीने सर्वांत स्वस्त उपाय आहे, तो आळसाने टाळू नये.

तिसरं, एकाचं उपकरण दुसऱ्याच्या तोंडात जाता कामा नये. क्षयरोग अजून आपल्यात आहे. संघाला एक घेऊन सगळ्यांना फिरवणार असाल तर घेऊच नका. कानाचा पडदा फाटलेला असेल, छातीत हवा शिरण्याचा त्रास कधी झाला असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. सर्दीत दोन-चार दिवस सुट्टी.

आणि पहाटे चांदबीबी महालाच्या डोंगराकडे पळायला जाणारी, भरतीची तयारी करणारी मुलं आहेत, त्यांनाही एक सांगायला हवं. पोलीस भरतीतली १६०० मीटरची धाव पळूनच सुधारते. श्वासाचा व्यायाम ही वरची भर आहे. ज्याचं पळणं कच्चं, झोप कमी आणि ताटात डाळ पातळ, त्याने उपकरणाचे पैसे अंड्यांवर घालवावेत.

एक छोटी गोष्ट मात्र फुकट आहे. दमलेला खेळाडू गुडघ्यावर हात टेकून वाकला की बाहेरून आरोळी येते, 'वाकू नको, सरळ उभा राहा, हात डोक्यावर घे!' समोरच्याला आपण थकलो हे कळू नये, हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण २०१९ साली अमेरिकेत महिला फुटबॉलपटूंवर झालेल्या अभ्यासात गुडघ्यावर हात ठेवून वाकलेल्यांचे हृदयाचे ठोके हात डोक्यावर घेतलेल्यांपेक्षा लवकर खाली आले. वाकल्याने श्वासपटलाला घुमटाचा आकार परत मिळतो आणि ओढायला सोपं जातं. तेव्हा बाद होऊन बाहेर बसलेल्या गड्याला तरी वाकू द्यावं.

पुढच्या पानांत सहा आठवड्यांचं वेळापत्रक आहे. ते कधी सुरू करावं याबद्दल माझं मत सांगतो. कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, महाराष्ट्रात कबड्डी दिन पाळतात. तेव्हा मैदानात चिखल असतो, मॅट असलेली शाळा तालुक्यात एखादी, आणि सराव बंद पडलेला. या व्यायामाला मैदान लागत नाही, पडवीत होतो. १५ जुलैला सुरू केला तर ऑगस्टच्या शेवटी सहा आठवडे भरतात. त्यानंतर रोज करण्याची गरज नाही, एक दिवसाआड पुरतो. सामन्याच्या दिवशी अंग गरम करताना कमी ओझ्यावर ३० श्वासांच्या दोन फेऱ्या घ्याव्यात. सुरुवातीच्या दिवशी आणि सहा आठवड्यांनी एकच चाचणी घ्यावी: मध्यरेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत जाऊन-येऊन सारख्या वेगाच्या दहा धावा, आणि प्रत्येक दोन धावांच्या मध्ये खेळाडू 'तयार' म्हणेपर्यंतचे सेकंद वहीत. वेग घसरला तर ती चाचणी रद्द करून दुसऱ्या दिवशी घ्यावी, नाहीतर पोरं लवकर 'तयार' म्हणून हळू पळतात.